अंडं म्या आनलं न्हवतं

आन् वर मलाच म्हनतेत, शरणप्पा, तुमी जरा मागं सरकून बसा, लिंगवंत पाव्हनं आलेत... बघा म्हंजे! ज्या गिरनीचं इंजन रोज सकाळी म्या हँडल मारून चालू करतो, ज्या वट्ट्यावर रोज म्या झाडू मारतो, त्याच वट्ट्यावर म्याच मागं बसायचं, का तर म्हनं म्या अंडं खातो. म्या लिंगवंत न्हाय व्हय? मग हे गळ्यात लिंग कशाला बांधलंय? तुमी सास्तूरची मान्सं, रेडू ऐकायला आलाव, तुमाला ह्या गावातलं काय ठाऊक न्हाय, म्हनून तुमाला सांगतो, गावाला सांगून सांगून माझं तोंड दुखाय लागलं, गाव काय ऐकत न्हाय. तुमी ऐका. इडी वडायची तर वडा खुशाल, इथं वट्ट्यावर चालतंय, फकस्त ती कोठी दिसायली ना, तिच्या दाराकडं थोटूक फेकू नका, का ते सांगतोच. इंजनाचा आवाज हाय, म्हनून जरा मोठ्यानं बोलतो, भांडतोय असं समजू नका. पन पुढचं सांगायच्या आधी एक गोष्ट मनात पक्की धरा. अंडं म्या आनलं न्हवतं.

आता ही गोष्ट पोलिस ॲक्शनच्या आदल्या वर्साची, म्हंजे निजामाचंच राज्य. ही गिरनी आमच्या मामांची, मामा म्हंजे माझे सासरे हणमंतप्पा, आन् म्या त्येंचा घरजावई, हे बी आधीच सांगून टाकतो, लपवून काय करायचं, गावात आल्या आल्या पहिलं तेच सांगतेत. तर मामांनी सोलापूरहून रेडू आनला. रेडू आनला तर त्याला बॅटरी पायजे, आन् बॅटरी आनली कुठनं, तर एका लारीवाल्याकडनं, लारीतच म्हातारी झालेली. काळी पेटी, आत शिश्याच्या पट्ट्या, पट्ट्यांत तेजाब, म्हंजे ॲसिड, वर तीन भोकं आन् भोकांना तीन बुचं. इंजनाच्या पट्ट्यावर एक डायनामो बसवला, का इंजनानं दळन बी दळायचं आन् भिंतीपल्याडच्या कोठीत बॅटरी बी भरायची. लारीवाला चांगला मानूस, जाताना सगळं सांगून गेला. म्हनला, भरताना बुचं उघडी ठेवा, कोठीला वारं ठेवा, तेजाबाला बुडबुडं आलं का लगी बंद करा, म्हातारी बॅटरी हाय, जास्त भरली तर तापती, तिच्यातनं वायू निघतो, जवळ काडी वडली का पेटतो. येवढं सोपं. म्या ऐकलं, मामांनी बी ऐकलं, पन मामांनी ऐकलं ते आपल्या पद्धतीनं.

मामांची पद्धत म्हंजे आमच्या घरची वाढायची पद्धत. आमच्यात पाव्हना जेवायला बसला का वाढनारं थांबत न्हाय. पाव्हन्यानं ताटावर आडवा हात धरायचा, 'साकु, साकु' म्हनायचं, साकु म्हंजे कानडीत बास, तरी एक पोळी पडतीच, मग दोन्ही हात आडवं धरायचं, मग कुठं वाढनारं जरा इचारात पडतंय. आता बॅटरीला हात हायती का? म्हैस पोट भरलं का तोंड फिरवती, मानूस ढेकर देतंय, बॅटरीनं काय करायचं? ती आपली खदखदती. आन् मामांचं म्हननं असं का, खदखदायली म्हंजे आता कुठं लागली भरायला, भात खदखदला का तुमी लगी चुलीवरनं उतरवता का? म्या म्हनलं मामा, हा भात न्हाय, तेजाब हाय, हिला साकु म्हनता येत न्हाय. मामा म्हनले, जावई, तुमी दळन बघा.

बघितलं म्या दळन.

मग आली खंडेनवमी. आता तुमच्याकडं बी हीच रीत असंल, नवमीला इंजन, चक्की, तराजू, सगळ्याला धुवून पुसून इभूत-कुंकू लावायचं, आरती करायची, आन् पूजा झाली का दसऱ्यापातूर त्येला राबवायचं न्हाय, त्येंना बी सन असतो. पन इंजन बंद म्हंजे डायनामो बंद आन् डायनामो बंद म्हंजे रेडू बंद, आन् दिवस कसलं, निजाम हिंदुस्थानात जातो का न्हाय जात, रोज नवी बातमी, मामांना रेडूबिगर राहवतंय व्हय? मग मामांनी काय डोकं लढवलं, सांगू? दोन दिसांचं पोट आधीच भरून ठेवायचं! अष्टमीला सूर्य उगवल्यापासनं मावळंपातूर पुरनपोळीच्या दळनाला बायांची रांग, इंजनाला उसंत न्हाय, आन् त्या पूर्न येळात बॅटरी जोडलेली. नवमीला पुन्हा सकाळी इंजन चालू, पुन्हा तीच जोडलेली. खदखद खदखद चाललंय आत. पेटीच्या कुशीला हात लावला तर चटका. म्या तार काढली. मामांनी लावली. म्या पुन्हा काढली, मामांनी पुन्हा लावली आन् माझ्याकडं असं बघितलं का जसं काय म्या जेवत्या पाव्हन्याचं ताट वडलं.

आन् मग वास सुटला.

पाव्हनं, म्हातारी बॅटरी लई भरली का ती घान मारती, आन् ती घान कशी असती, तर नासक्या अंड्यासारखी. आता हे मला आज ठाऊक हाय. त्या दिवशी कुनाला ठाऊक? सैपाकघरात पुरन शिजायलंय, आमची मामी इरम्मा, म्हंजे माझी सासू, चुलीपुढं, आन् मामीचं नाक कसलं म्हनता, शेजारच्या गल्लीत कांदा चिरला तर हिला इथं कळतंय. उठली. वास घेत घेत आली. कोठीच्या दारात उभी राहिली आन् वरडली, 'तत्ती!' तत्ती म्हंजे कानडीत अंडं. लिंगवंताच्या घरात, खंडेनवमीच्या सकाळी, अंडं! 'अय्यय्य शिवने, तत्ती आनली ह्येनं!' ह्येनं म्हंजे म्या. का म्या? तर आदल्या बाजारी इंजनाच्या तेलाचा डबा आनायला लोहाऱ्याला म्या गेलो व्हतो, आन् यायला मला उशीर झाला व्हता. येवढाच पुरावा!

तितं माझं चुकलं. म्या गप बसायला पायजे व्हतं. म्या म्हनलं, 'मामी, आपन तर अंडं कवा बघितलं न्हाय, मग वास वळखला कसा?'

तांब्या आला. आता जावयाच्या अंगावर हात टाकायचा न्हाय अशी रीत हाय, मामी रीतीला पक्की, तिनं हात टाकला न्हाय, पितळी तांब्या टाकला, भरलेला. ही खूण बघा भुवईवरची. रगात डोळ्यात उतरलं, म्या म्हनतोय मामी, बॅटरी, बॅटरीचा वास हाय, तोवर माझा मेव्हना बसवराज आला, तालमीतनं आला, आन् मेव्हन्याला तर कसलीच रीत लागू न्हाय. त्येनं माझी टिरंक उपडी केली, वाकळा झटकल्या, गादी फाडली, ज्वारीची कनगी अंगनात वतली, आन् अंडं कुठंच सापडंना म्हनून जास्तच चिडला, इंजनाचा जुना पट्टा घेतला आन् माझ्या पाठीवर दिला, एक, म्या वाकलो, आनखी एक. म्हनला, 'खाल्लं व्हय सगळं?' सापडलं असतं तर मार, न्हाय सापडलं तर जास्त मार.

हे सगळं एका अंगाला असू द्या. माझी बायको महादेवी दारात उभी व्हती. ती न वरडली, न रडली. हळूच म्हनली, 'ह्या उंबऱ्याच्या आत तुमी अंडं आनलं असंल, तर माझ्या हातचं ताट तुमाला परत दिसनार न्हाय.' पट्ट्यानं जितकं लागलं न्हवतं तितकं ते लागलं बघा. म्या गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं आन् म्हनलं, महादेवी, अंडं म्या आनलं न्हवतं. ती म्हनली, बघू. बघू म्हनली! लग्नाची बायको!

आता तुमी म्हनाल, शरणप्पा, मार खाल्ला, शपथ घेतली, इषय मिटला असंल. मिटतोय कशाला? पूजेला यायचे व्हते महांतय्या स्वामी, आमच्या मठाचे, आन् मामीला एकच घोर, स्वामींच्या नाकात तो वास गेला तर घर वाळीत पडंल. मग काय केलं? कोठीची खिडकी लावली. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. बॅटरीवर ओलं गोनपाट घातलं, त्येच्यावर आनखी एक घातलं, दार लावलं आन् दाराच्या फटीला वल्ली कनीक लिंपली, उकडीच्या पातेल्याला लिंपावी तशी. आन् भिंतीच्या ह्या अंगाला इंजन चालूच, डायनामो फिरतोयच, मामा म्हनतेत स्वामी येईपातूर भरू द्या. म्या वरडतोय, अवो, वारं लागतंय तिला, लारीवाल्यानं सांगितलंय, वायू कोंडंल, साकु म्हनता येत न्हाय हो तिला! बसवराज म्हनला, दाजी, आता एक शबुद काढला तर दुसरी भुवई फोडीन.

म्या भुवईवर हळद दाबली.

स्वामी आले. इंजन बंद झालं. इंजनाला कुंकू, चक्कीला कुंकू, तराजूला, वजनांना, सगळं कसं रीतीनं चाललंय, आन् मामी मधीच मामांच्या कानाशी लागली, बॅटरीची बी पूजा करा, आन् कापूर सढळ हातानं घ्या, कापराच्या वासात तो वास मरंल. मूठभर कापूर आरतीत वतला तिनं. मामांनी पेटवला. जाळ येवढा वर! मामा पुढं, मामांच्या मागं स्वामी, स्वामींच्या मागं म्या, आन् मामांनी कनीक फोडून कोठीचं दार ढकललं. म्या मामांचा सदरा मागनं धरला, म्हनलं मामा, नका, भरल्या बॅटरीला ओवाळू नका! मामांनी आरती आत धरली आन् 'हर हर' म्हनले. म्हादेव म्हनायला येळच मिळाला न्हाय.

पाव्हनं, तो आवाज तुमाला कसा सांगू... आवाज न्हायच ऐकला म्या, निस्ता धक्का बसला, आन् मग कानात शिट्टी. दार बिजागरीतनं निघालं. खिडकी रस्त्यात. काळ्या पेटीच्या चिरफळ्या उडाल्या, एक चिरफळी मामांच्या गालात घुसली, एक स्वामींच्या पागोट्यातनं आरपार गेली, शिश्याची पट्टी येऊन चक्कीच्या लाकडात रुतली, ती खाच अजून हाय, उठून बघा पायजे तर. आन् तेजाब! सगळीकडं तेजाब, मामांच्या मिशीला, कपाळाला, डोळ्यात. मामा दोन्ही हातानं डोळं चोळायलेत आन् वरडायलेत, दिसंना, दिसंना म्हनून. म्या काय केलं, मामांना कमरंत उचललं आन् इंजन गार करायचा हौद हाय ना, हा मागं, त्येच्यात टाकलं. डोकं धरून पान्यात बुडवलं, वर काढलं, डोळं उघडा म्हनलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा. मग स्वामींच्या दाढीतनं धूर निघताना दिसला, मग स्वामींना बी वडलं आन् टाकलं.

डोळं वाचले मामांचे. त्या हौदानं वाचले, माझ्या मते म्या वाचवले. पन आवाज ऐकून धावत आलेल्या गावाला काय दिसलं? तर घरजावई सासऱ्याला पान्यात बुडवून मारायलाय, आन् मठाचा स्वामी मधी पडला तर त्येला बी! मग काय म्हनता... खेटरं, दळनाच्या डब्यांची झाकनं, कुनाच्या हाताला काय लागंल ते. एका बाईनं सूप हानलं, आता सुपानं काय लागतंय, पन तिनं हानलं, तिला बी पुन्य पायजे. बसवराजनं माझं बोट मोडलं, हे करंगळीशेजारचं, हे असंच वाकडं राहिलं. पन खरं सांगू? मार खाता खाता बी म्या मनातनं खूश व्हतो. का? आता तर सगळ्यांच्या डोळ्यादेखत बॅटरी फुटली! वास बॅटरीचाच व्हता, शाबीत झालं! म्या जमिनीवरनंच महादेवीला म्हनलं, बघ, बघ, अंडं म्या आनलं न्हवतं. आन् ती बी जरा हसली बघा. हसली. तेवढं हसू म्या अजून धरून हाय.

तेवढ्यात घोड्याचा आवाज आला. अमीनसाब, म्हंजे निजामाचे फौजदार!

सरहद्दीवर गडबड म्हनून पोलिस गावोगाव हिंडायचेच, त्येंनी आवाज ऐकला, आले, पाच जवान, बंदुका. आन् आल्या आल्या इचारपूस न्हाय, सरळ बंदुकीच्या दस्त्यानं सुरुवात. बसवराजच्या बरगडीत पहिला दस्ता बसला, पैलवान गडी चिपाडागत खाली आला. स्वामींना भिंतीशी उभं केलं. एका जवानानं मामांना हौदातनं काढायला धोतर धरून वडलं, तर तेजाबानं खाल्लेलं धोतर, त्येच्या हातात निस्तं सूत आलं, आन् मामा गावासमोर जसे व्हते तसे! अमीनसाबांनी मला दोन थोबाडीत दिल्या, ह्या बाजूची दाढ त्या दिवशी गेली, आन् इचारलं, 'बम किन्ने बनाया?'

आता बघा माझी गत. बॅटरी म्हनावं, तर बॅटरी कशाला? रेडूला. रेडू कुठंय? भुशाच्या पोत्यात. आन् त्या दिवसांत हिंदुस्थानच्या बातम्या ऐकनारा म्हंजे सरकारचा दुश्मन. शेजारच्याच गावात एकाकडं रेडू सापडला, त्येचे दोन्ही हात मोडून नेला, त्येच्या बायकूनं कुंकू ठेवावं का पुसावं हे कुनी सांगायला तयार न्हाय. मामांचं वय काय, मामा आधीच भाजलेले, नेले तर वाटंतच संपले असते. आन् बम म्हनावं, तर सगळ्यांनाच नेतेत. मामा तर येड्यावानी निस्तं बघायलेत. बंदूक मामांच्या छातीला लागली. महादेवीनं माझ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात अमीनसाबांनी नाक वर केलं. वास घेतला. म्हनले, 'ये बास काहे की रे? अंडे की आती.'

पाव्हनं, सकाळधरनं मार खाऊन खाऊन ज्या गोष्टीला म्या न्हाय म्हनत आलो, लिंग हातात घेऊन न्हाय म्हनलं, तीच गोष्ट तेवढी आता मामांना वाचवनारी व्हती. म्या महादेवीकडं बघितलं न्हाय. बघितलं असतं तर जमलं नसतं. म्या मान खाली घातली आन् सगळ्या गावासमोर म्हनलं, 'साब, अंडी म्या आनली व्हती.'

म्हनलं, घरात खाऊ देत न्हायत साब, म्हनून चोरून आनली, इंजनाच्या तापल्या नळीवर डब्यात घालून उकडायलो व्हतो, वास जाऊ नये म्हनून झाकन ठोकून बसवलं, वाफ कोंडली, डबा फुटला. अमीनसाब बघत राहिले. मग हसायला लागले. पोट धरून हसले, बाजंवर बसले, जवानांना सांगितलं, जवान हसले. ज्या जवानाची बंदूक मामांच्या छातीला व्हती त्येची बंदूक हसून हसून खाली आली. ते बघितलं आन् म्या म्हनलं, सुटलो.

कुठला सुटतोय? अमीनसाब हसून हसून मायेत आले ना! मला मारलं त्येचं त्येंना वाईट वाटलं. म्हनले, अरे येवढा शौक हाय तर चोरून कायकू खातो, आन् घोड्याच्या खोगिरातनं डबा काढला, त्येंचा सोताचा न्याहारीचा, आन् त्यातनं एक उकडलेलं अंडं माझ्या तळहातावर ठेवलं. ज्या तळहातावर सकाळी लिंग व्हतं, त्याच. समोर स्वामी, मामी, महादेवी, गाव. आन् न्हाय म्हनलं तर गोष्ट खोटी पडती, बंदूक पुन्हा वर जाती. म्या डोळं मिटलं आन् घातलं तोंडात.

सालीसकट.

मला काय ठाऊक सोलायचं असतंय! कधी बघितलंय म्या अंडं खाताना? कर्रकन वाजलं, सगळ्या अंगनात ऐकू गेलं. दाढ नुकतीच गेलेली, त्या खड्ड्यात साल घुसली, रगात आन् अंडं... अमीनसाबांचं हसू थांबलं. माझ्याकडं बघायला लागले. म्हनले, 'छिलका?' म्या वळखलं, आता कळलं ह्येंना, का ह्या गड्यानं जल्मात अंडं खाल्लं न्हाय. म्या चावत चावत म्हनलं, 'साब, मला असंच आवडतंय.' आन् गिळलं.

गेले ते. जाताना पाठीवर थाप मारून गेले, आनखी एक अंडं ठेवून गेले, वाटखर्चीला.

आता मला सांगा, घर वाचलं, मामा वाचले, मग मला काय मिळायला पायजे व्हतं? हार? नारळ? मामी म्हनली, 'सालीसकट खातंय बाई, केवढी ही हाव!' हे म्हनली! आन् तेच गावभर झालं. स्वामींना म्या मठात जाऊन पाय धरून सगळं खरं सांगितलं, स्वामी भला मानूस, म्हनले, शरणप्पा, तू आनलं न्हाईस हे मला पटतंय, पन खाल्लंस ते म्या बघितलंय, त्येचं प्रायश्चित्त घ्यायलाच पायजे. घेतलं. डोई भादरली, उपास केले, पुन्हा लिंग बांधून घेतलं. तरी माझं ताट भाईर, पडवीत. महादेवी वाढायला येती, उंबऱ्याच्या आत बसती, म्या उंबऱ्याच्या भाईर. एकदा तिला म्हनलं, तुला तरी ठाऊक हाय ना, तुझ्या बापासाठी खाल्लं ते? ती म्हनली, 'ठाऊक हाय. रोज दिवा लावताना तुमचं नाव घेते. पन आई ताट आत घेऊ देईना.' म्हनली आन् एक पोळी जास्त वाढली, म्या साकु म्हनायच्या आधी. तुमाला सांगतो, त्या दिवशी म्या रडलो. मार खाताना रडलो न्हवतो.

आन् मामा? मामांना तरी ठाऊक असंल म्हनाल. ऐका आता. त्या धडाक्यानं मामांचे दोन्ही कान गेले. म्हंजे म्या गावासमोर कबूल झालो, का झालो, कुनासाठी झालो, ह्यातलं मामांनी काय ऐकलं न्हाय. मामांनी निस्तं बघितलं. काय बघितलं? घरात येवढा गोंधळ, सोता उघडे उभे, आन् जावई पोलिसांबरोबर बसून अंडं खायलाय! निजाम गेला, तिरंगा लागला, म्या म्हनलं आता कसली भीती, मामांच्या कानात तोंड घालून वरडलो, मामा, अंडं म्या आनलं न्हवतं, तुमाला वाचवायला बोललो! मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हनले, 'असू द्या जावई. आवड एकेकाची.'

आन् आता ही नवी बॅटरी. नवी म्हंजे काय, दुसऱ्या लारीतली म्हातारी. रेडू लावला का मामा म्हनतेत आवाज बारीक येतोय, बॅटरी उपाशी हाय, भरा. अवो, तीन गल्ल्या पलीकडं ऐकू जातोय रेडू, उपाशी बॅटरी न्हाय, कान गेलेत तुमचे! पन हे कुनी सांगायचं, आन् सांगितलं तर ऐकायचं कशानं? मग भरा. आज तर सास्तूरचे पाव्हनं यायचे म्हनून सकाळधरनंच...

थांबा. दळन तर दुपारीच संपलं की. मग हे इंजन अजून कशाला चालू हाय?

थांबा जरा. वास यायलाय का तुमाला? नाकाला उपरनं लावलं म्हंजे यायलाय. कोठीचं दार कुनी लावलं? कनीक कुनी लिंपली? अवो, माझ्याकडं काय बघायलाव सगळे? मामी, तो तांब्या खाली ठेवा... म्या सांगतोय, ती बॅटरी... तेजाब तापलंय, वायू कोंडलाय... पाव्हनं, सरकू नका माझ्यापासनं, ती इडी इझवा आधी, ती इडी! न्हाय, हे समजावत बसायला आता येळ न्हाय, मागच्या येळंला बी न्हवता. बसवराज, मामांना उचल. हौदाकडं चला सगळे.

कशाला म्हंजे?

बरं बाबा, व्हय. अंडं म्याच आनलंय. पोतंभर आनलीत, ह्याच वट्ट्याखाली ठेवलीत. आता तरी उठा.